विसाजीपंतांचा हात व ठकूबाईचे दहा बिघे

श्री. ज्याने पृथ्वी केली आणि तिचे माप कोणास सांगितले नाही, त्यास साष्टांग नमन. शके सोळाशे ब्याण्णव, विकृतिनाम संवत्सर, मास चैत्र. ते समयी एका राज्यात, ज्याचे नाव लिहिण्याची आज्ञा नाही, ठाण्याचे धाकटे न्यायासन होते. तेथे जे जे होते त्याची मोजदाद प्रथम लिहितो. न्यायाधीश एक, कारकून दोन, मोजणीदार एक, शिपाई चार. बैठकीचा चौरंग एक, त्याचा एक पाय आखूड, सबब पायाखाली दुमडलेला कागद एक. दौती पाच, पैकी शाई असलेल्या दोन. रुमालात बांधलेली प्रकरणे तीनशे बारा, पैकी उंदरांनी कुरतडलेली सव्वीस. आणि पश्चिमेच्या भिंतीस खुंट्यांवर आडव्या टांगलेल्या वेळूच्या काठ्या सात. सातही काठ्या जमीन मोजावयाच्या, सातही एकाच न्यायासनाच्या, आणि सातांची लांबी सात प्रकारची. जवाचे दाणे आडवे, एकास एक लावून पाहिले असता सर्वांत आखूड काठी एक हजार ब्याण्णव जव भरली आणि सर्वांत लांब एक हजार एकशे पंचवीस. कारण ऐसे की, त्या राज्याचा रिवाज : काठी म्हणजे पाच हात पाच मुठी, आणि हात व मूठ त्या वेळी आसनावर बसलेल्या न्यायाधीशांची. नवे न्यायाधीश आले म्हणजे त्यांनी उभे राहावे, वेळूवर पाच वेळा हात आणि पाच वेळा मूठ ठेवावी, मोजणीदाराने तेथे वेळू कापावा, आणि जुनी काठी खुंटीवर जावी. वीस चौरस काठ्यांचा एक पांड आणि वीस पांडांचा एक बिघा. ऐसे दीडशे वर्षे चालले आणि कोणाचे काही अडले नाही.

अडले ते तीन वर्षांमागे निघालेल्या एका आज्ञेने. सिंहासनावरून हुकूम आला की, धाकट्या आसनाने मालकीचा निवाडा वादाची जमीन दहा बिघ्यांपर्यंत असता करावा. दहाच्या वर असता प्रकरण राजधानीस थोर आसनाकडे पाठवावे. आणि धाकट्या आसनाने हद्द ओलांडून निवाडा केला तर तो कितीही खरा असो, बोललाच गेला नाही ऐसे समजावे. आता थोर आसनाची कीर्ती काय वर्णावी! तेथे प्रकरणाची पाळी येण्यास अकरा वर्षे लागत. एका बांधाच्या वादात तर वादी वारले, प्रतिवादी वारले, एकाच्या मुलाने दुसऱ्याची मुलगी केली, नातू जन्मला, त्या नातवाचे बारसे दोन्ही घरांनी मिळून केले, आणि मग थोर आसनाने विचारणा केली की, उभयपक्षी समेटाची काही शक्यता आहे काय? ही हद्द निघाली तेव्हा धाकट्या आसनावर त्र्यंबकपंत होते. पुरुष ताडमाड उंच. भिंतीवरील एक हजार एकशे पंचवीस जवांची काठी त्यांचीच. म्हणून हद्दीचा आणि हाताचा संबंध कोणाच्या ध्यानी आला नाही.

त्या ठाण्यात ठकूबाई नामे एक विधवा बाई नागवेलीचा मळा करीत असत. त्यांचे रान त्र्यंबकपंतांच्या काठीने लांबी ऐंशी, रुंदी अठ्ठेचाळीस, म्हणजे नऊ बिघे बारा पांड. रानाच्या पूर्व टोकास शेवरीच्या सावलीत पानवेलींच्या ओळी बत्तीस, एका ओळीत वेली तीनशे, एकूण नऊ हजार सहाशे. पश्चिम टोकास विहीर. उत्तर अंगाने पाण्याचा पाट. दक्षिण अंगाने गाडीवाट. मध्ये जोंधळा काढून मोकळी झालेली जमीन. शेजारी हैबतराव इनामदार. त्यांनी दावा घातला की, हे सगळे रान आमच्या आजोबांचे, ठकूबाईच्या सासऱ्यास केवळ कसावयास दिले होते. ठकूबाईंनी सासऱ्याचे खरेदीखत पुढे ठेविले. त्र्यंबकपंतांनी साक्षी घेतल्या, खत वाचले, आणि उभयतांस सांगितले की तिसरे दिवशी निवाडा देतो. मग रिवाजाप्रमाणे विहिरीवर मोहोर बसली. निवाड्यास बसलेल्या जमिनीच्या विहिरीची मोट उभयपक्षी कोणी हाकू नये, हा नियम. ठकूबाई म्हणाल्या, "तीन दिवस ना? तीन दिवस चालतील. चैत्रातला वेल सावलीत नऊ दिवस दम काढतो. दहाव्या दिवशी मूळ सोडतो, मग गंगा आणून ओतली तरी उपयोग नाही." आणि दुसरे दिवशी काय जाहले? राजधानीहून स्वार आला, त्र्यंबकपंतांस थोर आसनावर बढती जाहली, आणि ते त्याच पावली घोड्यावर बसून चालते जाहले!

चौथे दिवशी नवे न्यायाधीश विसाजीपंत आले. विद्वान, सत्त्वशील, आणि उंचीने इतके बेताचे की चौरंगावर बसले असता पाय जमिनीस लागत नसत. पाचवे दिवशी सटवाजी मोजणीदाराने नवा वेळू धरिला, पंतांनी पाच हात पाच मुठी ठेविल्या, आणि काठी कापिली. भरली एक हजार ऐंशी जव. खुंट्यांवरच्या सातांहूनही आखूड. सहावे दिवशी हैबतरावांनी अर्ज दिला की, नव्या न्यायाधीशांनी रान नव्या काठीने मोजून घ्यावे, आमचा तो हक्क आहे. मग पंत, सटवाजी, दोन्ही पक्ष आणि चार शिपाई रानात गेले. सटवाजी काठी पलटीत चालला आणि मोठ्याने मोजीत चालला. ऐंशी जाहल्या, बांध आला नाही! एक्याऐंशी, ब्याऐंशी, त्र्याऐंशी, आणि वर तिसरा हिस्सा. रुंदी पुरी पन्नास. सटवाजीने तेथेच मातीत बोटाने हिशेब केला, पुसला, पुन्हा केला, आणि उठून हात जोडून बोलिला, "पंत, दहा बिघे आठ पांड, आणि वर सहा चौरस काठ्या, दोन तृतीयांश."

ठकूबाई प्रथम बोलिल्या. "अहो सटवाजी, तोच बांध, तीच विहीर, तेच ढेकूळ. परवापर्यंत नऊ बिघे होतं, आज दहाच्या वर कसं गेलं? माझं रान व्यालं का काय?" हैबतराव मिशीवर हात ठेवून म्हणाले, "रान तेवढंच आहे, ठकूवैनी. न्यायाधीश आखूड आलेत." शिपाई हसले. पंतांनी त्यांच्याकडे पाहिले, तेव्हा हसावयाचे राहिले. मग हैबतराव अदबीने पुढे येऊन बोलिले, "पंत, रागावू नका. तुमच्याच काठीने जमीन दहाच्या वर. म्हणजे तुमची हद्द संपली. प्रकरण थोर आसनाकडे जाऊ द्या. तोवर मोहोर राहील." ठकूबाई म्हणाल्या, "अकरा वर्षं?" हैबतराव म्हणाले, "अकरा कशाला, वैनी? तुमच्या वेलींना चार दिवस पुरे. वेल गेला की नुसत्या मातीसाठी तुम्ही तरी कशाला भांडाल? अर्धं रान लिहून द्या, मी आत्ता दावा मागं घेतो." ठकूबाई म्हणाल्या, "भावजी, सहाणेवर आणखी थोडं चंदन उगाळा. अजून वास येत नाही."

सातवा दिवस उगवला. आता पेच नीट सांगतो, कारण इतका सुरेख पेच त्या राज्यात पुन्हा पडला नाही. रान दहा बिघ्यांत बसण्यास काठी किती लांब हवी? हिशेब केला तो ऐसा निघाला की, एक हजार एकशे तीन जव हवी. एक हजार एकशे दोन असती तरी जमीन दहा बिघ्यांवर जवळजवळ दोन चौरस काठ्या उरती. पंतांची काठी एक हजार ऐंशी. म्हणजे तूट तेवीस जव. एका हातास व एका मुठीस मिळून पाच जवांहूनही कमी! एवढ्यासाठी नऊ हजार सहाशे वेली उभ्या सुकत होत्या. गावच्या आडाचे पाणी घागरींनी आणावे तर दोन ओळींच्या पुढे दिवस पुरेना. सटवाजी पंतांस म्हणाला, "पंत, काठी फिरून कापू. आपण हात थोडा ताणावा. मूठ जरा सैल धरावी. आंगठा मुठीवर न घेता बाजूस घ्यावा. कोण बघतंय?" पंत म्हणाले, "मी बघतो आहे." तथापि बाईच्या तोंडाकडे पाहून त्यांनी एकवार हात ठेवून दाखविला. सटवाजीने कोपर धरिले, शिपायाने बोटे धरिली, दोघांनी जोर केला. पंत कळवळले. भरली एक हजार चौऱ्याऐंशी. सटवाजी म्हणाला, "अजून एकोणीस." पंत हात सोडवून घेत म्हणाले, "अरे, हात आहे, दोरखंड नव्हे!"

मग सटवाजीने त्र्यंबकपंतांची काठी खुंटीवरून काढून पुढे ठेविली. पंतांनी ती हाती घेतली, तोलून पाहिली, आणि परत दिली. ठकूबाई दारात उभ्या होत्या, त्या चिडून बोलिल्या, "त्याच काठीनं दावा दाखल झाला ना? त्याच काठीनं साक्षी झाल्या ना? मग घ्या की ती! खत खोटं आहे असं तुम्हाला वाटतं का, पंत?" पंत म्हणाले, "खत मी दोन वेळा वाचले. खत खरे आहे." "मग द्या निकाल!" पंत चौरंगावरून खाली उतरले आणि बाईच्या समोर येऊन बोलिले, "बाई, नीट ऐका. मी आज निकाल दिला तर तुम्ही जिंकाल. हैबतराव उद्या माझी काठी घेऊन राजधानीस जातील. तेथे एवढेच विचारतील, जमीन किती होती. दहाच्या वर, हे कळताच माझा निकाल बोललाच गेला नाही ऐसे ठरेल. मग खत खरे असून तुमच्या हाती काही नाही, आणि विहिरीस पुन्हा मोहोर. अधिकार नसता दिलेला न्याय म्हणजे पाण्यावाचून ओढलेली मोट. बैल मात्र दमतो." ठकूबाई रानात गेल्या आणि ओळी फिरून आल्या. पाने कडेने वळू लागली होती.

आठवे दिवशी बाई पुन्हा आल्या. बसल्या नाहीत. म्हणाल्या, "पंत, तो हुकूम परत वाचा. जसा लिहिलाय तसा." पंतांनी रुमाल सोडविला आणि वाचिले, "धाकट्या आसनाने मालकीचा निवाडा वादाची जमीन दहा बिघ्यांपर्यंत असता करावा." बाई म्हणाल्या, "थांबा. वादाची जमीन म्हणतोय ना? माझी जमीन म्हणत नाही. रान म्हणत नाही." पंत म्हणाले, "वादाची जमीन." बाई म्हणाल्या, "आणि दहापर्यंत म्हणजे दहा धरून?" पंत म्हणाले, "दहा धरून." "म्हणजे हद्द रानाला नाही, वादाला आहे. मग वेल वाढला की आम्ही छाटतो, तसा मी वादच छाटते. वरचे आठ पांड आणि ती काय सहा काठ्या न् दोन तृतीयांश, ते मी सोडलं. त्याच्यासाठी मी भांडत नाही. उरलं किती?" सटवाजी तर उभ्याउभ्याच ओरडला, "दहा! बरोबर दहा! एक मूठ वर नाही!" अहा, तो क्षण! एक हजार ऐंशी जवांचा आखूड हात तसाच राहिला, आणि त्याच्या आवाक्यात सगळा वाद आला!

आता सोडावयाची पट्टी कोणती, हा प्रश्न. बाईंनी चारी बाजू बोटांवर मोजिल्या. पश्चिमेस सोडावी तर विहीर जाते. उत्तरेस सोडावी तर पाट जातो. दक्षिणेस सोडावी तर गाडीवाट जाते, मग मळ्यात उडून जावे लागेल. मधली मोकळी जमीन सोडावी तर हैबतराव तीत येण्याजाण्यास मळ्यातूनच वाट मागतील. राहिली पूर्व. पूर्वेस पानवेलींच्या पहिल्या सात ओळी, ठकूबाईच्या सासूने लावलेल्या. मळ्यातील बाकीच्या सगळ्या वेली त्यांच्याच फाट्यांपासून जाहलेल्या. सटवाजीने हळूच सांगितले, "बाई, रुंदी पन्नास, तेव्हा पट्टी तीन काठ्या आणि तिसरा हिस्सा घ्यावी लागेल. सातही ओळी जातात. सहात बसवता येत नाही, मी पाहिलं." बाई म्हणाल्या, "मी पण पाहिलं. लिहा." आणि सोडपत्रावर डाव्या हाताचा आंगठा उठविला.

नववे दिवशी प्रातःकाळी हैबतरावांस बोलावणे गेले. ते आले, सोडपत्र ऐकले, आणि प्रथम फार संतोष पावले. म्हणाले, "वैनींना सद्बुद्धी झाली. आज सात ओळी सोडल्या, उद्या बाकीच्या सोडतील." पंत म्हणाले, "तर मग उरलेल्या दहा बिघ्यांचा निवाडा देण्यास बसतो." हैबतरावांचे हसू तेथेच थांबले. "म्हणजे?" पंत म्हणाले, "वाद दहा बिघ्यांचा उरला." हैबतरावांनी सटवाजीकडे पाहिले, सटवाजीने काठीकडे पाहिले, आणि हैबतराव एकदम उठून उभे राहिले. "नको! मला नको ती पट्टी! मी घेत नाही!" ठकूबाई म्हणाल्या, "घ्या हो भावजी, दिल्या घरी सुखी राहा." हैबतराव म्हणाले, "पंत, मी पट्टी घेतलीच नाही, तर वाद सगळ्या रानाचा राहतो!" पंत शांतपणे बोलिले, "वाद दोघांचा असतो. बाई म्हणतात पट्टी माझी नाही. आपण सांगा, पट्टी आपली आहे?" आपली म्हणावे, तर बाईंनी ती सोडलीच आहे, वाद संपला. आपली नव्हे म्हणावे, तरी वाद संपला. ते घाम पुशीत म्हणाले, "ती... ती कोणाचीच नाही!" पंत कारकुनाकडे वळले. "लिहा. हैबतराव इनामदार म्हणतात, पट्टी कोणाचीच नाही." हैबतराव ओरडले, "हे लिहू नका!" पंत म्हणाले, "आणि हेही लिहा."

मग पंतांनी खरेदीखत तिसऱ्यांदा वाचिले, साक्षी वाचिल्या, आणि दुपार होण्याच्या आत निवाडा दिला की, पश्चिमेच्या बांधापासून ऐंशी काठ्या लांब, पन्नास काठ्या रुंद, ऐसे दहा बिघे ठकूबाईंचे, वंशपरंपरेने. मोहोर फुटली. शिपाई विहिरीकडे धावले, कारकून धावले, सटवाजी काठी खांद्यावर घेऊन धावला, आणि ठकूबाई सर्वांच्या पुढे! मोट विहिरीत गेली, वर आली, थारोळ्यात पाणी पडले, आणि पाटाने साप धावावा तसे पूर्वेस निघाले. लोक पाण्याबरोबर पाटाच्या कडेने पळत होते आणि ओरडत होते, "बत्तिसाव्या ओळीस आलं! एकतिसाव्या ओळीस आलं!" विसाजीपंतही धोतराचा सोगा धरून धावले, ऐसे पाहणारे सांगतात.

हैबतराव राजधानीस गेले. थोर आसनाने त्यांचे म्हणणे ऐकून घेतले, जमीन किती ते विचारिले, दहा बिघे हे ऐकिले, आणि धाकट्या आसनाने हद्द राखली आहे, इतर हरकत असल्यास पाळीने यावे, ऐसे सांगून अकरा वर्षांनंतरची तारीख दिली. हैबतराव परत आले. पट्टी आणि मळा यांमध्ये नवा बांध पडला होता, त्यावर त्यांनी एक माणूस बसविला. त्याचे काम एवढेच की, ठकूबाईंनी पट्टीत पाणी सोडले तर ताबडतोब सांगावे. कारण त्यांनी पट्टी शिंपली तर ती सोडलीच नव्हती ऐसे होईल, वाद दहाच्या वर जाईल, आणि निवाडा बोललाच गेला नाही ऐसे ठरेल. ठकूबाईंनी बांधाच्या अलीकडे पाटाचे तोंड मातीने बंद केले. बांधावरचा माणूस एक दिवस तहानेला होऊन पाणी मागावयास आला, तेव्हा बाईंनी त्यास तांब्या दिला आणि म्हणाल्या, "इथंच पी. तिकडं नेऊन एक थेंब सांडू नकोस, माझं रान जाईल." पट्टी आपली म्हणून दावा कोणी घातला नाही. घातला असता तर आठ पांड सहा काठ्या म्हणजे धाकट्या आसनाच्या हद्दीत पुरती बसली असती.

येणेप्रमाणे आखूड हाताच्या न्यायाधीशांनी आपली हद्द न ओलांडता निवाडा केला, बाईंनी वाद छाटून तो हद्दीत आणिला, आणि हैबतरावांनी पाळीची वाट धरिली. वैशाख वद्य एकादशीस, पाऊस येण्यापूर्वी, सटवाजी मोजणीदाराने वेली मोजिल्या. मळ्यात ओळी पंचवीस, वेली सात हजार पाचशे, पैकी जिवंत सहा हजार नऊशे चौदा. पट्टीत ओळी सात, वेली दोन हजार शंभर, पैकी जिवंत दोनशे अकरा. सर्व बांधालगतच्या एका ओळीतील, बांधापासून अंतर दोनशे साठ जव, तेथवर माती खालून ओली.